गिळताना दुखते तेव्हा : निरोगी प्रौढांतील अन्ननलिकेच्या संसर्गजन्य दाहाचा आढावा

ठाण्याहून घोडबंदराकडे जाताना गायमुख मागे पडल्यावर आणि वरसाव्याचा नाका येण्यापूर्वी, एका अंगास राष्ट्रीय उद्यानाचे रान आणि दुसऱ्या अंगास वसईची खाडी अशा बेचक्यात चेणे हे गाव लागते. येथील पाड्यावरच्या वस्तीत काय किंवा रस्त्यालगतच्या घरांत काय, छातीच्या मध्यभागी जळजळले, आवंढा गिळताना कळ आली, घास अडकल्यासारखा वाटला, की त्या साऱ्यास एकच नाव देण्याची वहिवाट आहे, आणि ते नाव म्हणजे पित्त. शब्द जुना आहे, प्रतिष्ठितही आहे. माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथात अम्लपित्ताचे स्वतंत्र निरूपण आहे, आणि छातीत जळजळणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या बाबतीत तो फारसा चुकतही नाही. तथापि या एका नावाच्या पोटात जी निरनिराळी दुखणी दडून राहतात, त्यांपैकी एक दुखणे असे आहे की ज्याचे कारण आम्ल नसून बुरशी, विषाणू किंवा जिवाणू असते. अन्ननलिकेचा हा संसर्गजन्य दाह ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे अशा रुग्णांत सुपरिचित आहे. परंतु एरवी धडधाकट असणाऱ्या प्रौढ माणसास तो का व्हावा, झाला असे केव्हा मानावे आणि झाल्यावर काय करावे, याविषयी वैद्यकात अद्याप एकमत नाही. त्या मतभेदाची सद्यःस्थिती मांडणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी असून तिच्या आतील अस्तर त्वचेप्रमाणेच चपट्या पेशींच्या अनेक थरांचे बनलेले असते. लाळ तिला सतत धुऊन काढते, स्नायूंच्या लाटा आत आलेला प्रत्येक पदार्थ काही सेकंदांत जठराकडे ढकलून देतात, आणि अस्तराचा वरचा थर झडून नवा येत राहतो. सबब जंतूंस येथे बिऱ्हाड करण्याइतकी उसंत सहसा मिळत नाही. ज्यांच्या नळीचे आकुंचन मंदावले आहे त्यांच्यात अन्न साचते आणि त्यामागून बुरशी येते, यावरून या धुण्याढकलण्याच्या व्यवस्थेचे महत्त्व ध्यानात यावे.

या रोगाचे ज्ञान प्रथम मिळाले ते मृतांकडून. १८३९ साली जर्मन शल्यवैद्य लांगेनबेक यांनी एका ज्वरग्रस्त रुग्णाच्या शवविच्छेदनात अन्ननलिकेतील बुरशीचे वर्णन केले, आणि तीच ज्वराचे कारण असावी असा, पुढे चुकीचा ठरलेला, तर्कही केला. जिवंत माणसाच्या नळीत डोकावण्याचा यशस्वी प्रयोग कुसमाउल यांनी १८६८ साली केला. त्यासाठी त्यांनी तलवार गिळून दाखवणाऱ्या एका खेळकऱ्याची मदत घेतली, कारण ताठ नळी निमूटपणे घशाखाली उतरू देणारा दुसरा माणूस मिळणे दुरापास्त होते. लवचीक दुर्बीण आली ती १९५७ च्या सुमारास, हिर्शोविट्झ यांच्या खटपटीने. दरम्यान १९४० साली हर्पीज विषाणूने झालेल्या अन्ननलिकादाहाचे वर्णन प्रसिद्ध झाले होते, पण तेही शवविच्छेदनावरूनच. येणेप्रमाणे शंभर वर्षांहून अधिक काळ हा विषय मृत आणि मरणासन्न देहांच्या दाखल्यांवर उभा राहिला, आणि हा दुर्बळांचाच रोग होय ही समजूत त्यातून स्वाभाविकपणे रूढ झाली.

१९८० नंतरच्या दशकात एड्सने ती समजूत अधिकच घट्ट केली. अन्ननलिकेतील बुरशी ही एड्सची व्याख्या ठरवणाऱ्या लक्षणांच्या यादीत गेली. १९८६ साली हिंदुस्थानात या विषाणूची पहिली नोंद झाली, १९९२ साली पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली, आणि त्या काळी शिकलेल्या डॉक्टरांच्या पिढीस नळीतील पांढरा थर दिसताच प्रथम एच.आय.व्ही. आठवावा असे वळण पडले. ते वळण वाईट नव्हते. अनेकांचे निदान त्यामुळे वेळेवर झाले. पण त्याची दुसरी बाजू अशी की ज्याची एच.आय.व्ही. चाचणी निर्दोष आली, त्याच्या बाबतीत संसर्गाचा विचारही बरेचदा तेथेच थांबू लागला.

हर्पीज : निरोग्यांचा खरा पाहुणा

या समजुतीस पहिला ठोस धक्का दिला तो हर्पीज सिम्प्लेक्स विषाणूने. (मराठी वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे : आपण जिला नागीण म्हणतो ती त्याच कुळातील निराळ्या विषाणूची करणी, येथे अभिप्रेत आहे तो ओठाच्या कडेला फोड आणणारा विषाणू.) प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसांतील तुरळक रुग्णवृत्तान्त निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले होते, २००० साली त्यांपैकी ३८ एकत्र करून त्यांचा आढावा प्रसिद्ध झाला, आणि २०१० साली निरोगी प्रौढ व किशोरवयीन अशा ५६ रुग्णांचा आणखी एक. या दोन संग्रहांवरून जे चित्र उभे राहते ते पुष्कळसे सुसंगत आहे. रुग्ण बहुधा तरुण असतो, पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आढळते. दुखणे एकाएकी येते आणि त्याचा मुख्य सूर घास अडकण्याचा नसून गिळताना होणाऱ्या तीव्र वेदनेचा असतो, इतका की थुंकी गिळणेही नकोसे व्हावे. पहिल्या संग्रहातील तीन चतुर्थांश रुग्णांस ही वेदना होती, निम्म्यांस छातीत जळजळ होती, निम्म्याहून किंचित कमी जणांस ताप होता. आणि ओठावर फोड असलेल्या व्यक्तीशी संपर्क आल्याची कैफियत जेमतेम पाचांत एकाने दिली होती, म्हणजे घरात कोणाला असे फोड नव्हते या उत्तरावर विसंबून हर्पीज वगळण्यास आधार नाही. व्रण बहुधा नळीच्या खालच्या भागात, उथळ आणि अनेक असतात.

येथवर वाद नाही. वाद सुरू होतो तो उपचारापाशी. निरोगी माणसातील हा आजार सामान्यतः आपल्या मर्यादेत राहून एक-दोन आठवड्यांत निवळतो. मग ॲसायक्लोव्हिर द्यावे की नुसती वेदना शमवून वाट पाहावी? ज्या संशोधनातून हे औषध निपजले त्याच्याशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, आणि औषध सुरक्षित असल्याविषयी कोणाची फारशी तक्रार नाही. औषधाच्या बाजूचे म्हणतात की दुखणे लवकर ओसरते, रुग्ण लवकर खाऊ-पिऊ लागतो, आणि रक्तस्राव किंवा नळीस छिद्र पडणे अशा विरळ पण नोंदलेल्या गुंतागुंती टाळण्याची संधी मिळते. वाट पाहणारांचे म्हणणे असे की जो आजार आपोआपच बरा होतो त्यात औषधाने बरे वाटले की काळाने, हे तुलनेवाचून कळणार कसे? आणि तशी तुलना, म्हणजे निरोगी रुग्णांचे दोन गट करून घेतलेली नियंत्रित चाचणी, झालेली नाही. इतक्या विरळ आजारात ती व्हावी एवढे रुग्ण एका जागी जमणे कठीण. शिवाय दुर्बीण होऊन अस्तरातून तपासणीसाठी घेतलेल्या तुकड्याचा अहवाल हाती येईपर्यंत पुष्कळांचे दुखणे उताराला लागलेले असते. व्यवहारात बहुसंख्य डॉक्टर आजार लवकर सापडल्यास आणि वेदना तीव्र असल्यास सात ते दहा दिवस औषध देतात. माझ्या मते ही तडजोड वाजवी आहे, पण तिला पुराव्याचा दर्जा देऊ नये.

दुसरा अनिर्णित प्रश्न अधिक कुतूहलाचा आहे. १९९० नंतर अन्ननलिकेचा एक ॲलर्जीजन्य दाह स्वतंत्र रोग म्हणून मान्यता पावला, ज्यात अस्तरात इओसिनोफिल या पेशींची गर्दी होते आणि तरुण पुरुषांचा घास वारंवार अडकतो. हर्पीज झालेल्या निरोगी तरुणांपैकी काहींत, व्रण भरून आल्यावर पुन्हा घेतलेल्या तुकड्यांत, हा दाह आढळू लागला. आता प्रश्न असा की ॲलर्जीने सच्छिद्र झालेल्या अस्तरात विषाणूस वाट मिळते, की विषाणूने पाडलेल्या खिंडारातून अन्नातील घटक आत शिरून ॲलर्जी जागवतात? ॲलर्जीच्या दाहावर गिळण्याचे स्टेरॉइड देतात म्हणून त्यालाच दोष देण्याचा मोह होतो, परंतु ते औषध कधीच न घेतलेल्यांतही ही जोडी दिसली आहे. दोन्ही बाजूंचे कार्यकारणभाव कागदावर सारखेच पटण्याजोगे आहेत. तूर्त निष्पन्न एवढेच की हर्पीज बरा झालेल्या ज्या तरुणाचा घास पुढेही अडकत राहतो, त्याची फेरतपासणी करावी याविषयी दोन्ही पक्ष सहमत आहेत.

बुरशी, आणि निरोगी कोणास म्हणावे

कॅन्डिडा ही बुरशी या साऱ्या संसर्गांत सर्वांत अधिक आढळणारी, आणि निरोगी या शब्दाची खरी कसोटी पाहणारीही तीच. दुर्बिणीत ती पांढऱ्या, दह्याच्या कवडीसारख्या ठिपक्यांनी ओळखू येते; तिच्या तीव्रतेची चार पायऱ्यांची प्रतवारी कोडसी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली घालून दिली ती आजही चालू आहे. कोरियात आरोग्य-तपासणीसाठी आलेल्या निरोगी लोकांत ती ०.३२ टक्के, म्हणजे सुमारे तीनशेंत एकास, आढळली. जपानमध्ये ऐंशी हजारांवर दुर्बीण-तपासण्यांच्या पाहणीत एच.आय.व्ही. नसलेल्यांतही ती दीड टक्क्याच्या आसपास होती आणि बारा वर्षांत तिचे प्रमाण वाढत गेले होते.

वाढ का व्हावी? येथे निरोगी या शेऱ्याची छाननी करावी लागते. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढून चूळ न भरणारा माणूस स्वतःस रोगी समजत नाही. जपानातील २००३ सालच्या एका लहान पाहणीत असा पंप घेणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांच्या अन्ननलिकेत बुरशी निघाली. महिनोन्‌महिने सकाळी रिकाम्या पोटी पॅन्टोप्राझोलची गोळी घेणारा, औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविकांचा कोर्स आणणारा, ज्याची साखर कधी तपासलीच गेली नाही असा चाळिशीतला रिक्षाचालक, हे सारे आपल्या जबानीत निरोगीच असतात. एका मतानुसार अशा माणसांस वगळले तर खऱ्या अर्थाने निरोगी रुग्ण फारच थोडे उरतात, आणि म्हणून निरोग्यांतील बुरशी हा वर्ग बव्हंशी अपुऱ्या चौकशीचे अपत्य आहे. दुसरे मत असे की सारे धागे तपासूनही ज्यांच्यात काहीच सापडत नाही असे रुग्ण प्रत्येक पाहणीत शिल्लक राहतात, आणि त्यांना नाकारणे हा आपल्याच सिद्धान्ताचा हट्ट होय. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र एक गोष्ट दोहोंतूनही निघते, ती ही की निरोगी हा शेरा प्रकरणाच्या अखेरीस मारावयाचा असतो, प्रारंभी नव्हे. साखर, एच.आय.व्ही. (रुग्णाच्या संमतीने), आणि औषधांची पुरती यादी, एवढ्या तीन नोंदी झाल्यावाचून तो मारण्यास कोणास मुभा नसावी. एच.आय.व्ही.च्या अगदी पहिल्या आठवड्यांत, प्रतिपिंडांची चाचणी निर्दोष असतानाही, नळीत व्रण पडू शकतात हेही येथेच नोंदवून ठेवावे.

लक्षणे नसताना सहज सापडलेल्या बुरशीवर उपचार करावा काय, हा यातला पोटप्रश्न. काहींच्या मते ती नुसती वस्ती आहे, आक्रमण नव्हे, आणि तुकड्यात बुरशीचे तंतू पेशींत शिरलेले दिसल्यावाचून औषध देऊ नये. काहींना एवढा सूक्ष्म भेद व्यवहारात निरुपयोगी वाटतो. लक्षणे असल्यास मात्र मार्ग ठरलेला आहे : अमेरिकेतील संसर्गतज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींप्रमाणे फ्लुकोनॅझोल रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम, चौदा ते एकवीस दिवस.

क्षय, आणि परदेशी यादीचा क्रम

सायटोमेगॅलो हा विषाणू निरोग्यांत इतका विरळ आहे की त्याचा उल्लेख करून पुढे जाण्यास हरकत नाही. त्यासाठी तुकडा व्रणाच्या तळातून घ्यावा लागतो, तर हर्पीजसाठी व्रणाच्या कडेतून, एवढा तपशील मात्र दुर्बीण धरणाराने विसरू नये.

पाश्चात्त्य ग्रंथांतील यादीत क्षय बहुधा अखेरीस, अपवाद म्हणून येतो. ठाणे-मुंबईच्या परिसरात तो क्रम जसाच्या तसा उचलणे योग्य नाही. अन्ननलिकेचा क्षय आपल्याकडेही नित्याचा नसला तरी तो होतो तेव्हा अनेकदा प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसास होतो, आणि बहुधा नळीत जन्मत नाही. श्वासनलिका जेथे दुभागते त्या पातळीवर छातीतील क्षयग्रस्त गाठी शेजारच्या अन्ननलिकेस चिकटतात आणि तिच्यात फुटतात. येथे मुख्य तक्रार वेदनेपेक्षा घास अडकण्याची असते, जोडीला वजन घटणे आणि संध्याकाळचा ताप. आणि पाणी पिताच ठसका लागत असेल तर दोन नळ्यांमध्ये वाट पडली की काय याची शंका घ्यावी. दुर्बिणीत उंचवटा किंवा व्रण पाहून कर्करोगाचा संशय येतो, आणि तंबाखू-मिसरीच्या या प्रदेशात तो घेणे रास्तच आहे. म्हणून तुकडा घेतला जातो, पण पृष्ठभागावरून घेतलेल्या तुकड्यात क्षयाची खूण वारंवार हुकते.

मग संशयावरून क्षयाचे औषध सुरू करावे काय? एक पक्ष म्हणतो, छातीच्या सी.टी. स्कॅनमध्ये गाठी स्पष्ट आहेत, कर्करोग तुकड्याने वगळला आहे, औषध सरकारी कार्यक्रमात विनामूल्य आहे. सहा महिने देऊन पाहावे आणि काही आठवड्यांत घास मोकळा होतो की नाही यावरून निदानाची खातरजमा करावी. दुसरा पक्ष मुंबईच्या अनुभवाकडे बोट दाखवतो : या शहरात औषधांस दाद न देणारा क्षय पुष्कळ आहे, आणि २०११-१२ मध्ये येथील डॉक्टरांनी जवळजवळ सर्वच औषधांस प्रतिरोध असलेले काही रुग्ण नोंदवले तेव्हा मोठी खळबळ उडाली होती, तेव्हा जंतू हाती लागून त्याची औषध-संवेदनशीलता कळल्यावाचून उपचार म्हणजे अंधारातला बाण. या पक्षाचा भर दुर्बिणीतूनच ध्वनिलहरींच्या साह्याने गाठीतील नमुना सुईने ओढून घेण्यावर आहे. ही सोय मोठ्या इस्पितळांतच असते. चेण्याच्या माणसास त्यासाठी ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि रोजंदारी बुडवून दोन-तीन खेपा करणे म्हणजे काय हे शिफारशी लिहिणारांच्या हिशेबात क्वचितच धरलेले असते.

पावसाळ्यातील तोतया

आढावा येथे संपला असता, पण एक दुखणे असे आहे की जे संसर्ग नसूनही संसर्गाचा वेष घेते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. तेव्हापासून पुराच्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे ही सूचना मुंबईत पावसाळ्यागणिक दिली जाते. सूचना योग्य आहे. परंतु हे औषध विरघळताना तीव्र आम्लधर्मी होते, आणि रात्री अंथरुणावर पडता पडता दोन घोट पाण्याबरोबर गिळलेली त्याची कॅप्सूल महारोहिणीच्या कमानीपाशी, जेथे नळी किंचित दाबलेली असते, अडकून राहिली तर सकाळपर्यंत तेथे व्रण होतो. तरुण, निरोगी माणूस, एकाएकी आलेली, आवंढा गिळू न देणारी वेदना : हे वर्णन हर्पीजच्या वर्णनाशी शब्दशः जुळते. त्यातच ही गोळी एखाद्या तापावरच घेतलेली असेल तर घोटाळा पूर्ण होतो. फरक सांगणाऱ्या खुणा आहेत. गोळीचा व्रण सहसा नळीच्या मध्यभागी, एकटा किंवा समोरासमोर जोडीने, आणि गोळी घेतल्यापासून काही तासांत. हर्पीजचे व्रण खाली, अनेक आणि पुष्कळदा तापासह. तरीही केवळ ऐकीव वर्णनावरून दोहोंची ताटातूट नेहमी करता येईलच असे नाही. लोहाच्या आणि पोटॅशियमच्या गोळ्या, वेदनाशामके आणि हाडांसाठीची काही औषधे याच पंक्तीत बसतात.

दुर्बीण केव्हा

सर्व वाद अखेर एका व्यावहारिक प्रश्नापाशी येऊन मिळतात : गिळताना दुखणाऱ्या प्रत्येक निरोगी प्रौढास लगेच दुर्बीण घालावी काय? जे नको म्हणतात त्यांचा आधार एड्सच्या काळातील अनुभव आहे. तोंडात पांढरा थर आणि गिळताना दुखणे अशी जोडी असल्यास आधी फ्लुकोनॅझोल द्यावे, आठवडाभरात उतार पडला नाही तरच दुर्बीण, हा क्रम त्या रुग्णांत यशस्वी ठरला. परंतु त्या रुग्णांत बुरशीची शक्यता मुळातच फार मोठी होती. निरोग्यांत ती तशी नसल्याने तोच ठोकताळा येथे लागू होतो की नाही, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. जे हो म्हणतात त्यांना खर्च आणि सोय यांची हरकत ऐकून घ्यावी लागते. यांच्या अधलेमधले मत सध्या अधिक रूढ दिसते : गोळीचा इतिहास स्पष्ट असेल तर गोळी थांबवून काही दिवस थांबावे, ताप, रक्ताची उलटी, वजन घटणे, पाणीही न उतरणे किंवा वय पन्नाशीपुढे असणे यांपैकी काही असेल तर विनाविलंब तपासावे, आणि पित्ताची गोळी पंधरवडाभर घेऊनही गिळताना दुखतच असेल तर तीच गोळी पुन्हा लिहून देऊ नये.

या सर्वांत वाचकाच्या हाती असलेले, आणि एका पैचाही खर्च नसलेले, काम एकच. डॉक्टरांकडे निघताना मागील पंधरा दिवसांत घेतलेल्या प्रत्येक गोळीचे पाकीट, पंप असल्यास पंप, आणि पुराच्या पाण्यातून गेल्यावर घेतलेल्या कॅप्सूलची पट्टी पिशवीत घालून न्यावी. आणि ती कॅप्सूल अद्याप घ्यावयाची उरली असेल तर पेलाभर पाण्याबरोबर, जेवणानंतर, बसून घ्यावी, व अर्धा तास आडवे होऊ नये.